शेणोलीची पगारगाडी

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. साताऱ्यातलं काम आटपून मी पॅसेंजरने सांगलीला निघाले होते. कराड सुटलं, दोन्ही बाजूंना तुरे आलेले उसाचे फड सुरू झाले आणि गाडी शेणोलीला येऊन जी थांबली ती हलेचना. मागून वंदे भारत येतेय, तिला पुढे काढणार, असं दारात उभ्या असलेल्या एकाने सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं सांगितलं. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, त्यामुळे खिडकीतून मळीचा आंबूस वास येत होता. माझ्या समोर एक तरुण बाप आणि त्याचा दुसरी-तिसरीतला मुलगा बसले होते. बापाने मोबाईलमधून डोकं वर काढलं, स्टेशनची पाटी वाचली आणि मुलाला म्हणाला, “इथंच बरं का, इंग्रजांच्या काळात रेल्वे लुटली होती.” पोराचे डोळे चमकले. “मग चोर सापडले का?” बाप जरा थबकला. त्याला पुढचं ठाऊक नसावं. “सापडले असतील की,” तो म्हणाला. तेवढ्यात पलीकडच्या रुळावरून ती पांढरी गाडी धाडधाड करत गेली, आमचा डबा हादरला, पोरगं उडी मारून त्या बाजूच्या खिडकीशी गेलं आणि विषय तिथंच संपला.

सापडले असतील की.

माझं माहेर शेणोली स्टेशनपासून अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. माझे आजोबा याच रुळांवर गँगमन होते. त्यामुळे ते वाक्य माझ्याबरोबर सांगलीपर्यंत आलं, रात्री जेवताना ताटाशी बसलं, आणि पुढे कित्येक दिवस मधूनच आठवत राहिलं. त्या बापाचा मला राग आला नाही. कुठेतरी ऐकलेलं अर्धंमुर्धं त्याला आठवलं तरी होतं, आणि मुलाला सांगावंसं वाटलं होतं. पण मुलाने विचारलेला प्रश्न साधा नव्हता. आमच्या घरात त्याला दोन उत्तरं होती, आणि ती दोन्ही एकाच बाईने, माझ्या आजीने, मला दिली होती.

आजोबांचा चेहरा मला फारसा आठवत नाही. त्यांचे तळवे आठवतात. खडीवर आयुष्य काढलेल्या माणसाचे तळवे असतात तसे, रुंद आणि टाचेला खोल भेगा पडलेले. गँगचं काम म्हणजे काय हे मला आजीनेच सांगितलं. सकाळी मुकादमाने हजेरी घ्यायची, मग फावडी, घमेली, पहारी खांद्यावर टाकून आपल्या वाट्याच्या मैलांवर चालत निघायचं. गाड्यांच्या वजनाने रूळ बसतात, त्यांच्याखालची खडी सरकते, ती बीटरने ठोकून ठोकून पुन्हा स्लीपरखाली भरायची. उन्हाळ्यात लोखंड वाढतं, तेव्हा दुपारी रूळ डोळ्यांखालून घालायचा. चावीवाला हातोडा घेऊन एकट्याने मैलोन्‌मैल चालायचा आणि रूळ आवळून धरणारी चावी जिथे सैल दिसेल तिथे ठोकून बसवायचा. पावसाळ्यात रात्रपाळीची गस्त असायची: हातात कंदील, कमरेला लाल-हिरवी झेंडी आणि डब्यात फटाके. पुढे भराव खचलेला दिसला तर ते फटाके रुळावर बांधायचे, इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की मोठा बार होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. चार महिने असे रात्री भिजण्यात जायचे. गाडी सुखरूप गेली की त्या माणसाचं नाव कुणालाच कळत नाही. आजी म्हणायची, “तुझ्या आज्यानं किती मान्सं मुंबईला पोचीवली, त्यांस्नी ठावंबी न्हाई.”

ही रेल्वे आली ती दुष्काळामुळे. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं मेली ती केवळ धान्य नव्हतं म्हणून मेली असं नाही, ते पोचवायला वाट नव्हती म्हणूनही मेली. त्यानंतर 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत पुण्यापासून मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंत मीटरगेजचे, म्हणजे अरुंद मापाचे, रूळ पडले. 1908 मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळली आणि मद्रास अँड सदर्न मराठा, म्हणजे एम. अँड एस. एम. झाली. आजोबा नोकरीला लागले ते याच कंपनीत. आजीच्या तोंडी ते नाव एकाच दमात, ‘यमयसयम’ असं यायचं, जणू कुणा पाहुण्याचं नाव घेतेय. रूळ घालणाऱ्यांनी कृष्णाकाठच्या गावांना न शिवता, पूर्वेकडच्या डोंगरांच्या अंगाने वाट काढली. म्हणून आमच्याकडे गाव एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे. कराडचं स्टेशनसुद्धा कराडात नाही, ओगलेवाडीला आहे.

पण या आडबाजूच्या स्टेशनांनी केवढं काही उभं केलं! कुंडल रोड नावाचं एक स्टेशन होतं, आजूबाजूला निवडुंग आणि साप. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तिथली जमीन दिली आणि 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना आणि वसाहत वसवली. कुंडल रोडची किर्लोस्करवाडी झाली. कराड स्टेशनच्या उशाशी ओगल्यांनी काचकारखाना काढला, तिथल्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातली कित्येक घरं उजळली. लोखंडाचे नांगर आणि काचेचे कंदील याच रुळांवरून देशभर गेले. मधल्या शेणोलीत असं काही उभं राहिलं नाही. कौलारू छपराची लहानशी इमारत, दोन-चार क्वार्टर, चिंच, पाण्याचा नळ, एवढंच. मोठी माणसं, मोठे कारखाने बाकीच्यांच्या वाट्याला आले. शेणोलीच्या वाट्याला एक दिवस आला.

7 जून 1943. मृगाचा दिवस.

त्या वर्षी हा सगळा मुलूख धुमसत होता. बेचाळीसच्या ऑगस्टनंतर तालुक्यांच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले, गोळीबार झाले, माणसं मेली. मग क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या पोरांनी ठरवलं की इंग्रजांचं राज्य मानायचंच नाही. प्रतिसरकार आलं. गावात न्यायनिवाडा करणारं, गावगुंडांना वठणीवर आणणारं, कमी खर्चात लग्नं लावून देणारं सरकार. त्याची लढाऊ फळी म्हणजे तुफान सेना. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी हे तिचे म्होरके, दोघेही तेव्हा विशी-बाविशीतले. भूमिगतांचं पोट, कागद, हत्यारं, फिरती, सगळ्याला पैसा लागत होता. आणि पैसा दर महिन्याला याच रुळांवरून जात होता, पगाराच्या गाडीतून.

पुढचं सगळं मी ऐकूनच जाणते, पण त्या मुलुखात ते इतक्यांदा सांगितलं गेलंय की डोळ्यांसमोर उभं राहतं. शेणोलीजवळ रुळांवर दगड रचले. गाडी थांबली. थांबल्याबरोबर दुसऱ्या टोळीने शेवटच्या डब्यामागेही दगड रचले, म्हणजे ड्रायव्हरने गाडी मागे घेऊ म्हटलं तरी घेता येऊ नये. पोरांच्या हातात बंदुका नव्हत्या. विळे होते, काठ्या होत्या, दोन-तीन गावठी बाँब होते. बंदूक होती ती गाडीवरच्या पहारेकऱ्याकडे, आणि त्याला त्यांनी आवरलं. रक्कम काढली आणि मंडळी डोंगराकडे पसार झाली. त्या पथकातले कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, अगदी अलीकडेपर्यंत होते. नव्वदी ओलांडल्यावरही ते शेणोलीला त्या जागी आले होते, आणि लूट हा शब्द त्यांनी कधी मान्य केला नाही. इंग्रजांनी या देशातल्या लोकांचा पैसा नेला होता, तो आम्ही परत आणला, असं ते ठणकावून सांगत. 2022 मध्ये शंभरीच्या उंबरठ्यावर ते गेले.

हे झालं आजीचं पहिलं उत्तर. ती निरक्षर होती, पण बापूंचं, अण्णांचं नाव घेताना पदर डोक्यावर सारखा करायची. तिच्या माहेरच्या घरात भूमिगत येऊन जेवून गेले होते. अंधारात यायचे, पडवीत बसायचे, भाकरी हातावर घ्यायचे. कोण आलं, कुठून आलं, हे बायकांनी विचारायचं नाही आणि मुलांनी बोलायचं नाही. नाना पाटील 1946 पर्यंत भूमिगत राहिले, इंग्रजांना सापडले नाहीत. आणि ते सापडले नाहीत ते तोंड न उघडणाऱ्या अशा शेकडो घरांमुळे.

दुसरं उत्तर तिने मला बऱ्याच उशिरा दिलं. मी कॉलेजात होते, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाची भाषणं ठिकठिकाणी चालू होती. शेंगा फोडत बसलो होतो. मी तिला मोठ्या उत्साहाने शेणोलीचं ऐकवत होते, तर ती मधेच म्हणाली, “त्यात तुझ्या आज्याचा पगार हुता.” मी गप्प झाले. पगारवाला बाबू गाडीतूनच यायचा, गँगची माणसं रांगेने पुढे व्हायची, वहीत अंगठा उठवायची आणि पैसे मोजून घ्यायची. त्या महिन्यात तो बाबू आमच्याकडे पोचलाच नाही. आजीचं नवीन लग्न झालेलं, घरात सासू, दीर, एक अंथरुणाला खिळलेला चुलत सासरा. बाहेर लढाईची महागाई, रॉकेल मिळत नव्हतं, वाण्याची उधारी आधीच होती. मृग लागलेला आणि पेरणीला बी आणायचं होतं. पगार पुढे मिळाला, पण मिळेपर्यंत तिने जात्यावर दुसऱ्यांची दळणं दळली.

“मग तुला राग नाही आला?” मी विचारलं.

तिने शेंगेची टरफलं सुपातून पाखडली. म्हणाली, “कशाचा राग? स्वराज्याला जो तो कायबाय देत हुता. कुनी पोरगा दिला. आमचा येक म्हयना गेला.” आणि मग जरा वेळाने, आवाज खाली आणून: “कुठल्या वळनाला गाडी हळू हुती, ह्ये गँगवाल्यांबिगर कुनाला ठावं असतंय गं?” मी पुढे काही विचारणार तेवढ्यात ती उठली. तिच्या माहेरी लहानपणापासून शिकवलेला नियम तिने नातीलाही लावला.

म्हणून त्या डब्यातल्या पोराच्या प्रश्नाने मला इतकं छळलं. मी त्याला काय सांगितलं असतं? ते चोर नव्हते, हे तर सांगितलंच असतं. पण मला त्याहून जास्त सांगावंसं वाटतं ते हे, की गाडी अडवणारे आणि गाडीसाठी रूळ राखणारे एकाच गावातले होते. कधीकधी एकाच घरातले. त्यांची भाकरी एकाच तव्यावरची होती. त्यांनी रेल्वेचा द्वेष केला नाही. दगड रचले त्या जागेवरचे रूळ दुसऱ्या दिवशी साफ झाले, खडी पुन्हा ठोकली गेली, आणि ती ठोकणारे हातही इथलेच. आजोबा त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्याच मैलांवर चालत राहिले. 1944 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि 1951 मध्ये तिची पाटीही उतरली, तेव्हा आजीच्या हिशेबाने ती आमचीच झाली होती. तिने त्यात एक महिना घातलेला होता.

माझ्या लहानपणी स्टेशन म्हणजे गावाचं घड्याळ. सकाळच्या पॅसेंजरवर चुलीवरची भाकरी उतरायची, दुपारच्या मालगाडीवर शेतातली न्याहारी सुटायची, संध्याकाळच्या गाडीचा धूर… नाही, धूर माझ्या आधीचा, मी पाहिलं ते डिझेल. पण आजी शेवटपर्यंत तिला आगीनगाडीच म्हणायची. तिकीटखिडकीच्या गोल भोकातून पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, जाड, बोटात धरलं की हलकंसं उबदार लागणारं. मास्तर ते लोखंडी यंत्रात घालून खट्‌कन तारीख उठवायचे. हा पुठ्ठ्याच्या तिकिटाचा शोधही इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या स्टेशनमास्तरचा, थॉमस एडमंडसनचा, 1830 च्या दशकातला. हे वाचलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. सगळ्या जगाने दीडशे वर्षं वापरलेली वस्तू एका आडगावच्या स्टेशनमास्तरच्या टेबलावर जन्मली!

आम्हा पोरांना सर्वांत ओढ होती ती गोळ्याची. एकेरी मार्ग, समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांत मिळून एक यंत्रांची जोडी असायची. शेणोलीच्या मास्तरांनी घंटीच्या खुणेने पुढच्या स्टेशनची परवानगी घेतली की यंत्रातून एक लोखंडी गोळा सुटायचा, आणि तो बाहेर असेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रातून दुसरा निघायचा नाही. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवायचा. न थांबणारी गाडी आली की पॉइंट्समन फलाटाच्या कडेला ते कडं उंच धरून उभा राहायचा. इंजिनातला माणूस वाकून एका हाताने मागच्या स्टेशनचा गोळा खाली फेकायचा आणि दुसऱ्या हाताने हा घ्यायचा. क्षणभराचा खेळ, पण त्याच्यावर शेकडो जीव. रात्री, पावसात, हातातल्या कंदिलाच्या उजेडात हे व्हायचं. तो गोळा हातात असल्याशिवाय मेलच्या ड्रायव्हरलासुद्धा पुढे जायचा अधिकार नव्हता, आणि तो द्यायचा मान शेणोलीचा होता. मोठी गाडी आमच्याकडे थांबत नसली तरी आम्हाला विचारून जायची, एवढं आम्हाला कळत होतं आणि त्याची ऐट होती.

थांबणाऱ्या गाड्या मुंबईच्या दिशेच्या. कराड, पाटण, वाळवा, शिराळा या पट्ट्यातून गिरणगावात किती माणसं गेली असतील! 1971 मध्ये या मार्गावर ब्रॉडगेज, म्हणजे रुंद मापाचे रूळ आले, त्याआधी पुण्याला गाडी बदलावी लागायची. वडील सांगायचे, पुण्याच्या फलाटावर डोक्यावर ट्रंक, हातात काकवीची किटली आणि काखेत शाळूच्या पिठाचं गाठोडं घेऊन लोक मोठ्या गाडीकडे पळायचे. एखाद्याची किटली फुटायची आणि सगळा फलाट चिकट व्हायचा. ब्रॉडगेज आल्यावर ती पळापळ थांबली. माझे थोरले चुलते परळच्या एका गिरणीत होते. गणपतीला, यात्रेला ते यायचे तेव्हा आम्ही पोरं स्टेशनवर आधीच जाऊन बसायचो. सिग्नलचा हात पडला की पोटात गोळा यायचा. ते उतरायचे, पांढरा लेंगा, अंगाला गिरणीच्या तेलाचा वास, आणि खिशात लिमलेटच्या गोळ्या. जाताना आजी त्यांच्या हातावर दही घालायची आणि फलाटाच्या टोकापर्यंत चालत जायची. फलाट संपला की थांबायची.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या सालात चुलते आले ते यात्रा नसताना आले. आम्हाला कुणी स्टेशनवर जायला सांगितलं नव्हतं, गाडीही नेहमीची नव्हती. त्यांच्याबरोबर पत्र्याची ट्रंक होती, वळकटी होती, स्टोव्ह होता. खोलीतलं सगळं सामान होतं. त्या महिन्यांत शेणोलीला रोज कुणी ना कुणी असं उतरत होतं. आधी लोक म्हणायचे, संप मिटेपर्यंत आलोय. मग ते म्हणणं बंद झालं. अडीच लाख कामगारांचा संप वर्तमानपत्रांत आकड्यांनी छापून आला असेल, मी तो फलाटावर उतरलेल्या स्टोव्हांवरून पाहिला. चुलते पुढे उसाच्या टोळीत गेले, मग कारखान्यावर हंगामी लागले. मुंबईची गाडी गेल्याचा आवाज आला की त्यांचा हात एक क्षण थांबायचा, हे मी बघायची. त्यांनी परत कधी मुंबईचं तिकीट काढलं नाही.

आता तिथे जाते तेव्हा गोळा नाही, कडं नाही, सिग्नलचा हात नाही. मार्ग दुहेरी झालाय, वर विजेच्या तारा आल्यात, फलाट उंच झालाय आणि बसायला चांगली बाकं आहेत. हे सगळं हवं होतं. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी तासतास खोळंबलेल्या बाळंतिणी, आजारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे जुनं तेच बरं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण दुहेरी मार्गाने एक गोष्ट केली. वेगवान गाडीला आता लहान स्टेशनकडून काहीच घ्यावं लागत नाही. 2024 च्या सप्टेंबरपासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस धावते. मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा असे तिचे थांबे. किर्लोस्करवाडीला ती थांबते याचा मला आनंद आहे, एका माळावरच्या कुंडल रोडने ते कमावलंय. शेणोलीला ती थांबावी असं मीही म्हणत नाही. माझं म्हणणं पॅसेंजरपुरतं आहे.

कारण पॅसेंजर गेली की काय होतं हे आम्ही पाहिलंय. 22 मार्च 2020 ला गाड्या बंद झाल्या, ते समजण्यासारखं होतं. पण मोठ्या गाड्या परतल्या तरी लहान स्टेशनांची पॅसेंजर कितीतरी दिवस परतली नाही. परतली तेव्हा देशभर अनेक ठिकाणी तिचं नाव एक्सप्रेस झालेलं होतं आणि दहा रुपयांच्या कमीत कमी तिकिटाचे तीस झाले होते. डबे तेच, वेग तोच. तीस रुपयांत काय एवढं, असं पुण्यातले माझे शेजारी म्हणाले. रोज जाऊन-येऊन साठ होतात. भाजीची पाटी घेऊन कराडला जाणाऱ्या बाईच्या नफ्यातून चाळीस रुपये रोज जाणं म्हणजे काय, हे तिलाच विचारावं. 2024 च्या फेब्रुवारीत ते तिकीट पुन्हा दहावर आलं. त्या दिवशी माझ्या भावाने मला तिकिटाचा फोटो पाठवला होता, बाकी एक शब्द नाही.

रुळांच्या कडेला त्या दिवसाची आठवण म्हणून उभारलेला स्तंभ आहे. जूनमध्ये तिथे कार्यक्रम होतात, हार घातले जातात, कुंडलहून, वाळव्याहून माणसं येतात. पण धावत्या गाडीतल्या माणसाला तो दिसत नाही आणि फलाटावर बसलेल्याला त्याची गोष्ट कळत नाही. फलाटावर, तिकीटखिडकीशेजारी, मराठीत एक मोठा फलक हवा. त्यावर नाना पाटील, बापू लाड, नागनाथअण्णा आणि त्यांचे साथी यांची नावं हवीत, तारीख हवी. आणि जागा उरली तर त्या वेळच्या गँगचाही एक उल्लेख हवा. गावातल्या काही जणांशी मी हे बोलले आहे. अर्ज कसा करायचा, कुणाच्या सह्या घ्यायच्या, याची यादी भाऊ करतोय. पुढच्या वेळी एखादी गाडी वाट देण्यासाठी तिथे थांबली, तर खिडकीशी बसलेल्या पोराला ते स्वतः वाचता यावं.

भावाची मुलगी सध्या कराडला बी.एस्सी.ला आहे. रोज सकाळी सायकल स्टेशनजवळच्या टपरीवर लावते आणि पॅसेंजर पकडते. गाडी चुकली तर काय करतेस, असं मी तिला विचारलं. “मग वडाप,” ती म्हणाली. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. तिच्यात गुडघे छातीशी घेऊन बसायचं, आणि दोन-चार वेळा तसं गेलं की पासाच्या महिनाभराच्या पैशांएवढे पैसे उडतात, असा हिशेब तिने मला बोटांवर मांडून दाखवला. आजीला तिने पाहिलेलं नाही, पण पैसे मोजायची तऱ्हा तीच आहे. मी निघताना ती दारापर्यंत आली आणि जरा घुटमळली.

“आत्या, माझा पास सोमवारी संपतोय. ह्या महिन्याचे तू देतीस?”

मी पर्स उघडली.